वाळूखालचे आवाज

माझा जन्म पायाळू. पाय आधी बाहेर आलेल्या मुलाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले, की त्याला जमिनीखालचे धन दिसते, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. नाशिकच्या आमच्या वाड्यात ते अंजन मला कोणी घातले नाही. मात्र आकाशात वीज कडाडली, की आजी मला ओट्यावरून आत ओढून घेई, कारण पायाळूवर वीज पडते ही त्याच समजुतीची दुसरी बाजू. कार्डिफमध्ये तीस वर्षे रुग्णालयाच्या औषधविभागात नोकरी करून मी निवृत्त झाले आणि पाण्यात बुडाला तरी चालणारा एक वापरलेला मेटल डिटेक्टर विकत घेतला. धाकट्या भावाला हे फोनवर सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, तू पायाळू ना? मग तुला यंत्र कशाला लागतं?”

त्याला मी उत्तर दिले नाही. पण माझ्या घरापासून आगगाडीने अर्ध्या तासावर असलेल्या बॅरी आयलंडचा किनारा त्याने पाहिला असता, तर त्यालाही कुतूहल वाटले असते. नावात बेट असले, तरी १८८०च्या दशकात गोदी बांधताना हे ठिकाण मुख्य भूमीला जोडले गेले. १८८९ मध्ये सुरू झालेल्या त्या गोदीतून १९१३ साली जगातल्या कुठल्याही बंदरापेक्षा अधिक कोळसा बाहेर गेला. आज तो कोळसा नाही आणि त्या खाणीही नाहीत. मात्र ज्यांनी कोळसा खणला, त्यांची कुटुंबे वर्षातून एकदा, जुलैअखेरीस खाणींना सुट्टी पडली की, इथल्या व्हिटमोर बेच्या वाळूवर उतरत. कित्येक उन्हाळ्यांच्या त्या गर्दीच्या खिशांतून, बोटांतून आणि गळ्यांतून जे सांडले, त्यातले बरेचसे अजून वाळूतच आहे.

शिवाय इथला समुद्र फार दूरवर मागे हटतो. ब्रिस्टॉल खाडीतला भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक. उधाणाच्या दिवसांत बॅरीला पाण्याची पातळी १० मीटरांहून अधिक खालीवर होते; भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळच कमी असतो. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्यात अमावास्या किंवा पौर्णिमा पाहिली, की तिच्यानंतर एकदोन दिवसांनी सर्वांत खोल ओहोटी लागणार हे कळते, आणि या किनाऱ्यावर ती भर दुपारी, एक-दोनच्या सुमारास लागते. संकष्टीसाठी मागवलेले हे कॅलेंडर वेल्सच्या समुद्राचे वेळापत्रकही ठरले.

यंत्र ज्यांच्याकडून घेतले, ते सत्तरी उलटलेले गृहस्थ होते. त्यांचे गुडघे साथ देईनासे झाले होते. मी यंत्र पाहायला गेले, तेव्हा त्यांनी अंगणात आधीच पाण्याने भरलेली बादली ठेवली होती. “पाणी आत जात नाही ही हमी यंत्र नवं असतानाची,” ते म्हणाले, “रबर म्हातारं होतं.” जलरोधक यंत्राचा सारा जलरोध बॅटरीच्या झाकणाखालच्या आणि हेडफोनच्या जोडणीतल्या रबरी कड्यांवर अवलंबून असतो. कड्यांना चीर गेली असेल, त्यांच्यावर मिठाचे कण किंवा एखादा केस चिकटला असेल, तर समुद्र तेवढ्याच वाटेने आत शिरतो. त्यांनी झाकण उघडून मला कड्या दाखवल्या, बोटाने सिलिकॉनचे ग्रीस लावले आणि यंत्र बादलीत दहा मिनिटे बुडवून ठेवले. बुडबुडा आला नाही. मग चकतीखालचे प्लॅस्टिकचे आवरण काढून त्यातली ओली वाळू झटकली. ती तिथे साचली, की यंत्र उगीचच कुरकुरते. शेवटी यंत्र घरापासून दूर, विजेच्या तारा नाहीत अशा जागी नेऊन नाणे, खिळा आणि स्वतःच्या बोटातली अंगठी चकतीसमोरून फिरवून दाखवली. जुने यंत्र घेताना एवढी परीक्षा व्हायला हवी, आणि ती विकणाऱ्यानेच आपणहून घ्यावी हे भाग्य. नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी किमतीत मला यंत्र मिळाले आणि त्या बादलीचे शिक्षण वर. समुद्रावरून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय मी अजूनही चहा घेत नाही.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. टोकाच्या चकतीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला, की जमिनीत चुंबकीय क्षेत्र शिरते. तिथे धातू असेल, तर त्यात विजेचे लहान भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांचे स्वतःचे क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याला जाणवते आणि कानात आवाज येतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच तत्त्वाचे उपकरण आणले होते. गोळी सापडली नाही. रुग्णाच्या अंथरुणाखालच्या पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाला चकवले, आणि डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली, अशी दोन कारणे सांगतात. मला दुसरे अधिक पटते. रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर तसे वाटणे साहजिक आहे.

समुद्रावर स्प्रिंगांची जागा मीठ घेते. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे ओली वाळू हीच यंत्राला एक अफाट पसरलेला धातू वाटते. एकाच वारंवारतेवर चालणारी साधी यंत्रे अशा वाळूवर सतत ओरडत राहतात. माझे यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारता वापरते आणि मिठाचा आवाज बराचसा वजा करते, पण त्यासाठी त्याची संवेदनशीलता कमी ठेवावी लागते. नवशिक्याला वाटते, ती सर्वांत वर ठेवावी म्हणजे सर्व काही ऐकू येईल. तसे केले, की खरोखरच सर्व काही ऐकू येते आणि कशाचाच अर्थ लागत नाही. यंत्र हळू, जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकवून फिरवावे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवावा. अनुभवी लोक म्हणतात, पहिले शंभर तास केवळ कान तयार करण्याचे. प्रौढ वयात एखादी लिपी शिकताना अक्षरे आधी नुसत्या रेघा दिसतात आणि एके दिवशी शब्द होतात, तसेच काहीसे हे आहे.

या शंभर तासांत मला सापडले ते बहुतांशी पेयांच्या डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या. त्याखालोखाल नाणी. इंग्रजी पेनी १९९२च्या सप्टेंबरपासून पोलादाची झाली, वर केवळ तांब्याचा मुलामा. समुद्रात ती दोनतीन वर्षांत गंजून बिस्किटासारखी ठिसूळ होते. तिच्या आधीची कांस्याची पेनी मात्र हिरवी पडली तरी शाबूत राहते. मार्चमध्ये अशी एक मोठी, तीन सेंटिमीटर व्यासाची पेनी हाती आली. तीवर राजा पंचम जॉर्ज होता. आजीच्या डब्यात याच राजाचे रुपये होते, म्हणून मी चेहरा लगेच ओळखला. फरक एवढाच, की आपल्या रुपयावर तो मुकुट घालून बसला आहे आणि स्वदेशीच्या पेनीवर बोडका. कोणा खाणकामगाराच्या मुलाला ती आइस्क्रीमसाठी मिळाली असेल.

सोन्याची अडचण अशी, की यंत्र त्याचे नाव घेत नाही. पडद्यावर आकडा दिसतो, पण तो धातूची वाहकता, आकार आणि जाडी या साऱ्यांचा मिळून असतो. बारीक अंगठीचा आणि डब्याच्या कडीचा आकडा पुष्कळदा एकच येतो. कड्यांना कंटाळून तो आकडा गाळला, तर अंगठ्याही गाळल्या जातात. नाशिकच्या सराफ बाजारात पहाटे झारेकरी दुकानांसमोरची धूळ झाडून नेत. ते धूळ निवडत नसत. सगळी नेत आणि घरी धूत. त्या बायकांची मला किनाऱ्यावर फार आठवण येते.

२००९ मध्ये स्टॅफर्डशरच्या एका शेतात एका गृहस्थांना जुन्याच यंत्राने अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा साठा सापडला. त्याचे मूल्य ३२,८५,००० पौंड ठरले, आणि ते शोधणाऱ्यात व शेतमालकात वाटले गेले. ही कथा ऐकून पुष्कळजण यंत्र घेतात. १९९६च्या कायद्याप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली वस्तू सापडली, तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. भारतातला १८७८चा कायदा तर दहा रुपयांहून अधिक मोलाच्या भूमिगत ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. पण किनाऱ्यावर सापडणारी वस्तू सहसा इतकी जुनी नसते. तिचा मालक बहुधा जिवंत असतो. त्याला शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती ठेवून घेणे ही या देशात चोरी ठरू शकते.

ऑगस्टमध्ये एक वृद्ध बाई कठड्यापाशी माझी वाट पाहत उभ्या होत्या. आदल्या दुपारच्या ओहोटीत त्या नातीबरोबर कमरेइतक्या पाण्यात उतरल्या होत्या. गार पाण्यात बोटे बारीक होतात. लग्नाची अंगठी निसटली. यजमान इथल्याच गोदीत कामाला होते आणि त्यांना जाऊन चार वर्षे झाली होती. “तुम्ही काय घेता?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “जागा नीट दाखवा, एवढंच.” त्यांनी जीवरक्षकाचा झेंडा आणि दगडी पायऱ्या यांच्यामधली रेषा दाखवली.

घाई करणे भाग होते. सोने जड, प्रत्येक लाटेसरशी ते वाळूत उतरते आणि वीतभर खाली गेले, की माझ्या यंत्राच्या टप्प्याबाहेर जाण्याची भीती असते. उधाणही ओसरत होते. रोज ओहोटी पाऊणएक तास उशिरा आणि आदल्या दिवसापेक्षा उथळ लागत होती. पाण्यात चालणाऱ्या यंत्राचा खरा उपयोग मला त्या तीन दिवसांत कळला. कमरेइतक्या गढूळ पाण्यात खालचे काही दिसत नाही. कानात आवाज आला, की तिथे पाऊल रोवायचे, पावलाच्या अंदाजाने भोकांचे फावडे घालायचे, वर काढून वाळू गाळायची आणि पुन्हा ऐकायचे. काठावर बाई छत्री घेऊन बसत. प्रत्येक फावड्याला त्या उभ्या राहत, मी मान हलवली की बसत. दोन दिवसांत एकतीस कड्या निघाल्या.

तिसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर अंगठी आली. मी ती मुठीत धरून काठावर नेली. बाईंनी चष्मा लावला आणि आतली बाजू पाहिली. बर्मिंगहॅमच्या धातुपरीक्षण कार्यालयाचा नांगर होता, नऊ कॅरटचा ३७५ हा आकडा होता, आणि दोन आद्याक्षरे होती. त्यांनी बराच वेळ अंगठी हातात धरली.

“ही माझी नाही,” त्या म्हणाल्या. मग तिच्यावरची वाळू पुसून मला परत देत म्हणाल्या, “हिलाही कुणीतरी शोधत असेल.”

त्या अंगठीची मी पोलिसांत नोंद केली, किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात सूचना लावली. आद्याक्षरे सूचनेत लिहिली नाहीत, ती मालकाने सांगावीत म्हणून. अजून कोणी आलेले नाही. बाईंची अंगठीही सापडलेली नाही. उन्हाळ्याच्या शांत लाटा वाळू चढवतात आणि हिवाळ्यातली वादळे ती ओढून नेतात. तेव्हा खालचा कठीण थर उघडा पडतो आणि जड वस्तू त्याच थरावर विसावलेल्या असतात. गेल्या आठवड्यातल्या वादळानंतर दगडी पायऱ्यांच्या तळाशी आणखी दोन पायऱ्या दिसू लागल्या आहेत, असे बाईंनी फोनवर सांगितले. गुरुवारी पौर्णिमा आहे. शनिवारी दोनच्या सुमारास ओहोटी, आणि त्या चहाचा थर्मास आणणार आहेत.