दोन एकर आणि एक इंजेक्शन

परवा धाकटा भाऊ बार्शीहून तपासणी करून परंड्यात थेट आमच्याच घरी आला. हृदयाचे पंपिंग ३५ टक्के. बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला. कुणीतरी मजकूर पाठवला होता, पेशींपासून बनवलेल्या नॅनो औषधाने हृदय नव्यासारखे होते म्हणे. खर्च लाखांत.

"अण्णा, सीनेकाठची दोन एकर विकू का?"

मी पडलो मराठीचा बी.ए.! पण प्रश्न रानाचा आणि त्याच्या जिवाचा. दोन दिवस वाचत बसलो, पुण्याच्या नातीला फोन करून करून भंडावले.

तर आपल्या पेशी सतत बारीक कुप्या बाहेर सोडत असतात. एक्सोसोम म्हणतात त्यांना. कंपासपेटीतल्या पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या, तेवढ्यात १०० नॅनोमीटरच्या १०,००० कुप्या ओळीने बसतील! १९८३ मध्ये मेंढीच्या रक्तपेशींत त्या दिसल्या, तेव्हा तो पेशीचा केरकचरा वाटला. २००७ मध्ये स्वीडनमध्ये कळले की त्यांत एका पेशीने दुसरीला धाडलेले आरएनएचे निरोप असतात. आमच्या नव्हे, पण पुण्यातल्या डॉ. वैजयंती काळे यांनी रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवर या कुप्यांचा काय परिणाम होतो ते अभ्यासले आहे.

हृदयात मूळ पेशी टोचल्या तर बहुतेक टिकतच नाहीत, तरी थोडा गुण दिसतो. तो या कुप्यांचा असावा असा तर्क. अमेरिकेत डॉ. एदुआर्दो मारबान यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर, डुकरांवर तसे दिसलेही आहे. शिवाय त्रासातले हृदय रक्तात ज्या कुप्या सोडते, त्या वाचून निदान करायचेही प्रयत्न चालू आहेत. आपल्याकडे मात्र अजून ईसीजी आणि ट्रोपोनिनच.

अडचण अशी की शिरेतून टोचलेल्या कुप्या हृदयापेक्षा यकृतातच जास्त जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. आपल्या आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे तर मूळ पेशींबाबत सांगतात की रक्ताच्या आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर बाकी सगळे प्रयोगच, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. इथे तर आधी रक्कम भरा म्हणत होते!

त्याने सगळे ऐकून घेतले. "म्हंजे चिठ्ठी खरी हाय, पोस्टमनच घर चुकतोय."

"तसंच."

"आपल्या हयातीत सापडंल का घर?"

मला काही बोलता येईना. चहा झाला. बोलता बोलता कळले, चक्कर येते म्हणून त्याने एक गोळी महिनाभरापासून परस्पर बंद केली आहे. डॉक्टरांना सांगितलेलेही नाही. उद्या सकाळच्या एसटीने त्याला घेऊन मीच बार्शीला निघालोय.