खटला सरकारचा, जखम घरची

बारामतीच्या कोर्टात फौजदारीची प्रॅक्टिस करताना मी बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा राहिलो आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. एका माणसासमोर अख्खं सरकार उभं ठाकतं, तेव्हा त्याच्या बाजूला कुणीतरी हवंच. यातूनच माझं एक पक्कं मत झालं होतं. ज्याच्यावर हल्ला झाला, त्याला खटल्यात साक्षीदारापलीकडे जागा असू नये. खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो, तो उगाच नाही. आमच्या बारामती-इंदापूरकडे बांधावरून, पाटाच्या पाण्यावरून कुऱ्हाडी निघतात. जखमीच्या घरच्यांना खटल्यात हात घालू दिला, की भावकीचं भांडण कोर्टात घुसलंच म्हणून समजा. 31 डिसेंबर 2009 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडिताची व्याख्या आली, त्याला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येऊ लागला, निर्दोष सुटकेवर अपिलाचा हक्क मिळाला. तेव्हा बार रूममध्ये चहा घेताना मी म्हणालो होतो, “आता सुडाला वकीलपत्र मिळालं.” वाक्य जमलं होतं, त्यामुळे ते बरीच वर्षं वापरलं.

मत हललं ते आधी एका मोटरसायकलमुळे. एका पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांच्या ढिगात ती गंजत पडली होती, सीट फाटून आत गवत उगवलेलं. आरोपीची असेल असं मी धरून चाललो होतो. ती निघाली जखमीची. शेतातून परतताना त्याच्यावर वार झाले आणि गाडी मुद्देमालात गेली. हात निकामी झालेला तो गडी बायकोला घेऊन एसटीने तारखेला यायचा. आरोपीचे नातेवाईकही त्याच एसटीला, व्हरांड्यातल्या त्याच बाकावर. सरकारी वकिलांच्या टेबलावर फायलींची ही चळत, त्यामुळे एकदा जखमीच्या बायकोने मलाच, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाला विचारलं, “सायेब, फुडची तारीख कवा हाय?”

मुद्देमाल ठाण्यात सडू देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात 2002 सालीच बजावलं आहे. तो निकाल दाखवून मी आरोपींच्या कितीतरी गाड्या सोडवल्या होत्या. ज्याने मार खाल्ला, त्याच्यासाठी तो निकाल कुणी उघडलाच नव्हता.

मग मी तरतुदी नव्याने वाचल्या, या वेळी खोट काढायला नव्हे. पीडिताला अपील करता येतं ते आरोपी सुटला तर, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला तर किंवा भरपाई अपुरी मिळाली तर. शिक्षा कमी झाली म्हणून अपील करता येत नाही. त्याच्या वकिलाने परस्पर उलटतपासणी घ्यायची नाही, सरकारी वकिलाच्या हाताखालीच काम करायचं, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ज्या सुडाची मला धास्ती होती, त्याला कायद्याने आधीच वेसण घातली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्यात 10 मे 2024 ला पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. त्या तिघांच्या सुटकेविरुद्ध डॉक्टरांच्या कन्या मुक्ता दाभोलकर उच्च न्यायालयात गेल्या. याला सूड म्हणायला माझी जीभ धजली नाही.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या मुलाचा कोयत्याने खून झाला. संशयित त्याच्याबरोबरचीच अल्पवयीन पोरं. पानटपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत एकच भाषा होती, फाशी द्या. त्या पोराच्या आईबापांना पुढे काय काय लागेल, हे विचारणारं कुणी मला भेटलं नाही. फाशीच्या घोषणेला पीडिताचा हक्क म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तेवढं जुनं मत कायम आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. एफआयआरची प्रत पीडितालाही फुकट मिळते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी 90 दिवसांत कळवायचं आहे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर आधी पीडिताचं ऐकून घ्यावं लागतं. दोषारोपपत्राची प्रत मात्र पीडिताला वकील असेल तरच. ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे! कोयत्याचे वार झालेला ऊसतोड मजूर दवाखान्यातून आधी वकील शोधायला निघणार आहे का?

यावर वाट आहे, फक्त ती माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12व्या कलमाप्रमाणे बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. भरपाईसाठी आरोपी दोषी ठरेपर्यंत थांबावं लागत नाही. आरोपी सापडलाच नाही, तरी अर्ज करता येतो आणि उपचारासाठी अंतरिम मदतही मागता येते. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. अशा जखमींवर खासगी दवाखान्यानेही लगेच आणि मोफत उपचार करायचे आहेत, नाही म्हणायची सोय नाही.

हल्ली आरोपीचं वकीलपत्र घेतलं, तरी समोरच्या बाकावरच्या माणसाला मी एवढं सांगतो. काही अशिलांना ते रुचत नाही. न रुचो. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय इंदापूरच्या माणसाला लांब पडतं, हे खरं. पण तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणावर अशी वेळ आली, तर एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद आणि बँकेचं पासबुक घेऊन आधी तिथे जा. अर्जाला वकिलाची फी लागत नाही.