झेंडूची वाट

ऑक्टोबर संपत आला की शिकागोच्या पिल्सन भागातल्या बेकऱ्यांत ‘पान दे मुएर्तो’ दिसू लागतो. गोडसर पाव, वर हाडांसारख्या पट्ट्या. १ नोव्हेंबर गेलेल्या लहानग्यांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. तिथल्या मेक्सिकन कलेच्या संग्रहालयात ‘ओफ्रेंदा’ मांडलेल्या असतात. फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ आणि त्या माणसाच्या आवडीचं खाणं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

बाबा गेले तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला जाता आलं नाही. दहावा, तेरावा फोनवरच पाहिला. पितृपक्षात पान वाढलं, पण ते ठेवायचं कुठे ते कळेना.

शेजारच्या मेक्सिकन आजींनी त्यांच्या घरच्या ओफ्रेंदावर बाबांच्या फोटोला जागा केली. विचारलं, “त्यांना काय आवडायचं?” वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मी आल्याचा चहा केला, शेजारी खारी ठेवली.

भोवती झेंडू होता. त्याच्या वासाने गेलेल्यांना घरची वाट सापडते, असं त्या म्हणाल्या. दसऱ्याच्या तोरणातला हा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. तो इतक्या लांब आमच्या दारापर्यंत आला, मग बाबांनाही इथली वाट सापडली असेल.