परसातले ससे

आमच्या परसात, गोठ्याच्या पडवीला लागून, सशांचे पाच पिंजरे आहेत. रविवारी मिस्साहून परतणारी शेजारची मुले तेथे हटकून थांबतात आणि जाळीतून पाला आत सारतात. पाहुणे विचारतात, "ही हौस की धंदा?" आम्ही सांगतो, दोन्ही नव्हे, हे आमच्या घरचे कालवण आहे. हे ऐकताच कित्येकांचा चेहरा उतरतो. त्या चेहऱ्यांना शांतपणे उत्तर देणे आम्हांस एका चुकीनंतर जमू लागले. ती चूकच आज सांगावयाची आहे.

खानापूर तालुक्यातील आमच्या गावी सशाचे मांस काही नवे नव्हे. आमचे आजोबा रानात जाळी लावून ससे धरीत. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज रानसशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पाळीव ससा मात्र त्या रानसशाच्या कुळातला असला तरी त्याचा सख्खा भाऊ नव्हे. रानसशाची पिल्ले उघड्या गवतात, अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाचा पूर्वज स्पेनकडील, बिळात राहणारा. म्हणून त्याची पिल्ले उघड्या अंगाची व आंधळी जन्मतात, आणि सुमारे दहा दिवसांनी डोळे उघडतात.

२०१२ साली आम्ही बाजारातून एक पांढरी जोडी आणली. विकणाऱ्याने नर-मादी म्हणून दिली. काही महिन्यांनी एकीने पोटावरचे केस उपटून सुरेख घरटे केले. घरात आनंदीआनंद झाला! आम्ही वाट पाहिली. पिल्लू एकही नाही. दुसऱ्या खेपेसही तेच. शेवटी जाणत्या गृहस्थाने उलटून पाहिले, तो दोन्ही माद्या! नराशिवायही मादीला कधी कधी गाभण असल्याचा भास होतो, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

नर आणल्यावर मात्र संसार भराभर वाढला. मादी साधारण एकतीस दिवसांत विते आणि सहा-आठ पिल्ले देते. ती दिवसातून एकदाच, तेही थोडी मिनिटे, दूध पाजते; त्यामुळे आई पिल्लांजवळ बसत नाही म्हणून घाबरू नये. पाचसहा आठवड्यांनी पिल्ले वेगळी करावीत. चांगल्या जातीचे पिल्लू नीट खाऊ घातल्यास तीन महिन्यांत सुमारे दोन किलो भरते व निम्म्याइतके मांस देते. चारा आमच्या घरचाच : लसूणघास, हरळी, रताळ्याचे वेल आणि मूठभर कोंडा. दवाने भिजलेला चारा कधी घालू नये. तो सुकवून घालावा, नाहीतर पोटे फुगतात. लेंड्यांचे खत परसातल्या वांग्यांना मिळते.

सशाचा खरा शत्रू उन्हाळा. त्याला घाम येत नाही. तो कानांवाटे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. पहिल्याच वर्षी एप्रिलच्या एका दुपारी पत्र्याखाली आमची चांगली मादी गेली. तेव्हापासून पिंजरे झाडाच्या सावलीत आले, वर गवत पडले आणि बाजूंना ओली गोणपाटे लागली. आणखी एक गोष्ट : ससा कधीही कान धरून उचलू नये, मानेमागची सैल कातडी धरून दुसऱ्या हाताने मागून आधार द्यावा.

उपवासकाळासंबंधी एक गोष्ट आपण ऐकली असेल. सुमारे ६०० साली पोप ग्रेगरी यांनी सशाच्या नवजात पिल्लांचे मांस माशासारखे मानून खाण्यास परवानगी दिली आणि तेव्हा मठवासींनी ससे पाळावयास आरंभ केला, असे पुष्कळ पुस्तकांत छापले आहे. २०१८ साली संशोधकांनी मुळाशी जाऊन पाहिले, तो असा हुकूम कोठेच सापडला नाही. तूर येथील बिशप ग्रेगरी यांनी उपवासकाळात सशाची पिल्ले खाणाऱ्या एका माणसाविषयी लिहिले होते, त्यावरून हा घोटाळा झाला. असो. सोयीची गोष्ट किती सहज खरी मानली जाते, याचा अनुभव आम्हांसही घरातच आला.

२०१४ च्या नाताळात पाहुणे अधिक झाले. पिंजऱ्यात मोठे झालेले तीनच ससे होते, आणि त्यांतला एक, कापशा, आमच्या सात वर्षांच्या धाकट्याचा लाडका. मुलगा आत्याकडे गेला होता. आम्ही तिन्ही कापले. तो परतल्यावर सांगितले, की कडी सैल राहिली आणि कापशा पळाला. हे असत्य आम्हांस दयेचे वाटले.

मुलाने दोन दिवस हातात गाजर घेऊन कुंपणापासून ओढ्यापर्यंत हाका मारल्या. आम्ही ते ओसरीवरून पाहिले व गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी त्याला गोठ्यामागे मीठ लावून वाळत घातलेले पांढरे कातडे दिसले. तो रडला नाही. आमच्यापुढे उभा राहून एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही मला शोधायला का पाठवलंत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ससा मारल्याचा त्याला राग आला असता तर आम्ही त्याला समजावले असते; पण त्याचे दुःख आमच्या खोट्याचे होते. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. पुष्कळ दिवस तो पिंजऱ्यांकडे फिरकला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी नियम ठरला. वंशासाठी राखलेल्या नरमादीला नाव द्यावे. त्यांना कापावयाचे नाही. बाकीच्यांना नाव नाही. कोणता ससा कोणत्या दिवशी जाणार, हे मुलांना आदल्या दिवशी सांगावयाचे, आणि विचारतील त्याचे उत्तर खरे द्यावयाचे. कापण्याचे काम दुसऱ्यावर न टाकता आम्हीच, झटकन, इतर सशांच्या नजरेआड करतो.

धाकटा आता कॉलेजात जातो. पिंजऱ्यांची व्यवस्था सध्या त्याच्याकडेच आहे. कोणती मादी केव्हा विणार, ते त्याला वहीत न पाहता सांगता येते. परंतु तो सशाचे मांस खात नाही. रस्सा शिजतो त्या दिवशी आमची सौ. त्याच्या ताटात मुकाट्याने अंडे वाढते, आणि आम्हीही त्याला आग्रह करीत नाही.