काळा पाव

परगावचा पाहुणा चार दिवस राहिला, की पाचव्या दिवशी त्याच्या जिभेला आपले घर आठवू लागते. तो तसे बोलून दाखवीत नाही. पण भाकरीचा शेवटचा चतकोर ताटात जरा जास्त वेळ रेंगाळतो आणि घरच्या बाईला ते बरोबर कळते. गेल्या जानेवारीत आमच्याकडे जे जर्मन गृहस्थ उतरले होते, त्यांचे असेच झाले.

गृहस्थ मूळचे म्युनिकचे, वयाने पन्नाशीचे. मराठी शिकले हायडेलबर्गला. धनगरांच्या दैवतांमागे हिंडून ज्यांनी खंडोबा-बिरोबांवर जन्मभर काम केले, ते गुंथर सोंथायमर जेथे शिकवीत, तेच हे विद्यापीठ. आमच्या पाहुण्यांची मराठी मात्र रानातली नव्हती, सगळी ग्रंथांतली होती. "मी क्षुधित नाही, तथापि चहाला नकार देणार नाही," असे ते म्हणाले, की आमची धाकटी पदराआड तोंड लपवावे तशी ओढणी तोंडात कोंबून आत पळे. ते आले होते रायगड आणि चवदार तळे पाहायला. रायगड त्यांनी पायऱ्यांनी चढून पाहिला. मी रोपवेने वर जाऊन त्यांची वाट पाहत बसलो. मराठीच्या प्राध्यापकाने रायगडावर लोंबकळत जावे, याचे त्यांना फार आश्चर्य वाटले.

पाचव्या रात्री सौ. म्हणाली, "अहो, पाहुण्यांचं पोट बिघडलेलं नाही, मन बिघडलंय. विचारा तरी काय हवं ते."

मी विचारले. बरेच आढेवेढे घेऊन ते म्हणाले, "वहिनींच्या भाकरीत काहीही न्यून नाही. परंतु मला राईच्या पावाचे स्मरण होत आहे."

सौ.च्या डोळ्यांसमोर मोहरी उभी राहिली. मोहरीचा पाव खाणारी माणसे कशी असतील, याची ती कल्पना करू लागली. मग खुलासा झाला, की राय नावाचे एक थंड मुलखातले धान्य आहे, त्याच्या आंबवलेल्या पिठाचा हा पाव असतो; काळपट, जड आणि आंबूस. त्याच्यासोबत मिठात घोळलेल्या मुळ्याच्या चकत्या हव्यात, झाडाची सावली हवी आणि एक थोरला पेला बिअर. एवढे सांगून गृहस्थ हसले आणि म्हणाले, "मला ज्ञात आहे, की हे वाळवंटात बर्फ मागणे आहे."

पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या महाडला वाळवंट म्हणणारा माणूस मला प्रथमच भेटत होता. पण मनुष्य स्वभावाने गरीब आणि मागणे असे अवघड. मला ते आव्हान वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारातली बेकरी गाठली. तिच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर एक मातकट रेघ आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्री बाजारात शिरली, तेव्हाची ती खूण. वर दोनदा रंग देऊनही ती पुन्हा उमटते, असे बेकरीवाले चाचा सांगतात. लादीपाव, बटर, खारी, टोस्ट, नानकटाई असे सर्व काही समोर होते. मी म्हटले, "चाचा, काळा पाव मिळेल का?"

चाचांनी भट्टीकडे एकवार संशयाने पाहिले. "करपलेला म्हणता का सर? आज तसा नाही निघाला."

पाहुण्यांनी त्यांना आंबवलेल्या पिठाची सगळी कृती समजावून सांगितली, अगदी संधिसमासांसकट. चाचांनी ती लक्षपूर्वक ऐकली. मग दोन लाद्या बांधून देत ते मला हळूच म्हणाले, "साहेब बोलतात ते मराठीच ना?"

पाव नाही तर नाही, निदान बिअर गार्डन तरी पाहू, असे ठरले. या विषयातले जाणकार म्हणजे आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ते म्हणाले, "महामार्गावर पोलादपूरच्या अंगाला एक 'गार्डन' आहे. पाटीवरच लिहिलंय." त्यांच्याच गाडीने संध्याकाळी आम्ही निघालो. महाड ते पोलादपूर अंतर अठरा-वीस किलोमीटरचे. पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. तेथून डावीकडे आंबेनळी घाटाने वर गेले की महाबळेश्वर लागते. या दोन्ही गोष्टी सांगून मी वाङ्मयाची बाजू सांभाळून घेत होतो. माझे मन थाऱ्यावर नव्हते. वीस वर्षे त्याच गावात शिकवणाऱ्या माणसाने परमिट रूमची पायरी चढायची म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांना कळायचे नाही.

'परमिट रूम' या शब्दाने पाहुणे फार हरखले. मी त्यांना सांगितले, की आमच्याकडे १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून आहे. पिणाऱ्याने परवाना काढायचा आणि तो मिळतो आरोग्याच्या रक्षणासाठी. त्यांनी लगेच वही काढून ते टिपून घेतले.

गार्डन होते. म्हणजे कुंड्या होत्या, रंगीत दिव्यांच्या माळा होत्या आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. कडेने बांबूच्या झापांच्या खोपट्या करून प्रत्येकीला पडदा लावला होता. आत कोण बसले आहे ते बाहेर दिसू नये आणि बाहेरचे आत दिसू नये, अशी सोय. आम्हीही एका पडद्याआड बसलो. मी दाराकडे पाठ केली.

"नमस्कार सर!"

पुढ्यात वेटर उभा. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. मी काही बोलण्याआधीच तो वाकून माझ्या पाया पडला. परमिट रूममध्ये पाया पडून घेणारा मी बहुधा पहिलाच प्राध्यापक. मग त्याने माझ्याकडे न पाहताच ऑर्डर लिहिली, "सरांना थंड काहीतरी."

पाहुण्यांचे लक्ष पडद्याकडे होते. त्यांनी विचारले, "ही माणसे कोणापासून लपली आहेत?"

मी काहीतरी उत्तर दिले. तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या बिअर गार्डनची हकीगत सांगितली. ती मला इतकी आवडली, की येथे देतोच. बव्हेरियात पूर्वी उन्हाळ्यात बिअर करायला बंदी असे. म्हणून वसंतापर्यंत केलेली बिअर जमिनीखालच्या तळघरात साठवीत आणि तळघर गार राहावे म्हणून वर चेस्टनटची झाडे लावीत. त्या सावलीत लोक येऊन बसू लागले. शहरातल्या खाणावळवाल्यांनी ओरड केली, की आमचे गिऱ्हाईक तुटले. तेव्हा १८१२ साली तिथल्या राजाने तोड काढली: तळघरवाल्यांनी बिअर खुशाल विकावी, सोबत पावही द्यावा, पण दुसरे अन्न विकायचे नाही. मग लोक आपापली शिदोरी बांधून आणू लागले. ती रीत आजही चालू आहे. पेला तिथला, जेवण आपल्या घरचे. बाके लांबलचक असतात. जागा दिसेल तिथे बसायचे. शेजारी न्यायाधीश आहे की हमाल, हे कोणी विचारीत नाही. मिठाची वाटी मागायची आणि आपल्यातला मुळा पुढे करायचा.

"येथे भोजन उत्तम आहे," ते म्हणाले, "परंतु बाक नाही."

नंतर बोलणे आपसूक चवदार तळ्याकडे वळले. सकाळीच ते तिथे बराच वेळ बसून आले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला होता आणि त्यासाठी जर्मन भाषेत अर्ज लिहिला होता, हे सांगताना त्यांच्या आवाजात आपल्या गावच्या माणसाबद्दल बोलावे तसा अभिमान होता. मग मी अध्यापकाच्या सवयीने १९२७ चा मार्च सांगू लागलो. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना पाणी म्हणून चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले होते. त्याआधीही बाजाराला आलेल्या अस्पृश्याला महाडात पाण्याचा घोट मिळत नसे. त्यांच्यासाठी निघालेल्या चहाच्या एका दुकानाची हकीगत रा. बा. मोरे यांच्या आठवणींत आहे. २० मार्चला सगळे तळ्यावर जाऊन पाणी प्याले. मग कोणीतरी आवई उठवली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार...

बिअरची बाटली हातात घेऊन तो मुलगा मघापासून तिथेच उभा होता. तो म्हणाला, "आमचे पणजोबा होते तिथं. इकडूनच चालत गेलेले. मंडपात पानावर बसले होते, तेवढ्यात लाठ्या घेऊन माणसं घुसली. अन्न सगळं मातीत गेलं. पाणी प्यालो, पण जेवण काही झालं नाही, असं म्हणायचे म्हणे."

एवढे बोलून तो पेला भरून निघून गेला.

पाहुणे माझ्याकडे वळले. "आणि आपल्या घरचे? ते तेव्हा कोठे होते?" मग जरा थांबून म्हणाले, "क्षमा असावी. आमच्या देशात आम्ही सर्वांनी आपापल्या आजोबांना हा प्रश्न विचारला. त्यामुळे सवय झाली आहे."

मी म्हणालो, "बिअर गार आहे ना?"

परतताना गाडीत फारसे कोणी बोलले नाही. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. फळीवर पितळेची चरवी होती. आमच्या घरात ती चार पिढ्यांची आहे. सौ. तिच्यात ताक ठेवते. पाहुण्यांना पाच दिवस त्यातलेच ताक वाढले होते. सत्याग्रहानंतर तळे शुद्ध करून घेतले, तेव्हा एकशे आठ घागरींत पंचगव्य कालवून तळ्यात ओतले होते, हे इतिहासात आहे. त्यातले थोडे दूध या चरवीतून गेले, हे मात्र आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. ती चरवी तळ्यापर्यंत नेणारा अकरा-बारा वर्षांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. मी लहान असताना त्यांनी ते गंमत म्हणून सांगितले होते. हिंदकळलेल्या दुधाने धोतर कसे भिजले आणि घरी मार कसा बसला, हीच त्यातली गोष्ट. मीही हसलो होतो. पुढे दरवर्षी वर्गात महाडचा सत्याग्रह शिकवला, निबंध तपासले, २० मार्चला भाषणे केली. चरवीची गोष्ट कधी सांगितली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांनीच टूम काढली. आमच्या मागच्या अंगणात फणस आहे. त्याखाली महाविद्यालयातली दोन जुनी बाके जोडून मांडायची आणि येणाऱ्याने आपले जेवण आपण आणायचे. बिअरला सौ.ने साफ नकार दिला. तेवढा एक अपवाद करून बाकी सगळे बव्हेरियन पद्धतीने झाले. रसायनशास्त्राने उकडलेली अंडी आणली. आमच्याकडचे वालाचे बिरडे होते. सुट्टी काढून तो मुलगाही आला. आईने बांधून दिलेल्या नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. पाहुण्यांनी मुळ्याच्या चकत्या स्वतः कापल्या आणि मीठ लावून निथळत ठेवल्या.

चाचा सर्वांच्या शेवटी आले. हातात फडक्यात गुंडाळलेले काहीतरी जड होते. नाचणीचे पीठ गव्हात घालून, रात्रभर आंबवून त्यांनी पाव केला होता. बाकावर ठेवताना त्याचा दगडासारखा आवाज झाला. पाहुण्यांनी सुरी घेतली, मग ती ठेवून विळी मागितली. एक चकती तोंडात घालून बराच वेळ चावली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"हा आमचा पाव नाही," ते म्हणाले, "परंतु काळा निश्चित आहे."

चाचांना त्याचा फार आनंद झाला. पाहुण्यांनी मग नाचणीच्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर मुळा ठेवला आणि एकामागून एक तीन भाकऱ्या संपवल्या. सौ.ने माझ्याकडे पाहिले. तांदळाऐवजी नाचणीची भाकरी पहिल्याच दिवशी केली असती, तर एवढी यातायात झाली नसती.

ताक वाढायची वेळ आली तेव्हा चरवी मीच उचलली. त्या मुलाच्या पेल्याजवळ आलो आणि तिथेच उभा राहिलो. म्हटले, "अरे, त्या दिवशी तू पणजोबांचं सांगितलंस. मला एक सांगायचं आहे." आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले; दूध, तळे, आजोबांचे भिजलेले धोतर. सांगायला दोन मिनिटेही लागली नसतील. रसायनशास्त्र खाली मान घालून अंडे सोलत राहिले. पाहुण्यांनी या वेळी वही काढली नाही.

मुलगा चरवीकडे पाहत होता. हात पुढे करून त्याने तिच्या काठावरून बोट फिरवले. काठाला एके ठिकाणी पोचा आहे.

"हा तेव्हाचाच का सर?"

"माहीत नाही रे. आजोबांना विचारायचं राहिलं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने पेला उचलून चरवीखाली धरला.

"भरा सर. अर्धा नको."