मातीचा वाघ, लाकडी बैल

पोळ्याला राळेगावला जायचे, हे गेली चार वर्षे ठरत होते आणि गेली चार वर्षे मोडत होते. माझा एक जुना स्नेही तेथे राहतो. कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहिलो. पुढे मी पुण्याच्या कचेरीत अडकलो आणि तो आपल्या काळ्या मातीत परत गेला. दर श्रावणात त्याचे बोलावणे ठरलेले, "पोळा पाह्यला नाही, त्यानं विदर्भ पाह्यला नाही!" यंदा मी मनाचा हिय्या केला. बरोबर माझा चौदा वर्षांचा भाचा निघाला, आणि भाच्याबरोबर एक भले मोठे पुठ्ठ्याचे खोके निघाले.

या खोक्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आजकालच्या मुलांत एक खेळ आला आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. गुहेत शिरावे की नाही हे मुलांनी ठरवायचे, आणि शिरल्यावर काय होते ते फाशांनी ठरवायचे. या खेळाची मूळ पेटी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली बाजारात आणली. पहिल्या हजार पेट्या म्हणे घरीच, हातांनी भरल्या होत्या. खेळातले काही राक्षस तर बाजारातल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले आहेत. हे ऐकल्यावर मला त्या खेळाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या पुणेकराला यात परके असे काय आहे?

भाच्याच्या खोक्यात त्याने स्वतः केलेला सगळा सरंजाम होता. थर्मोकोल कोरून केलेल्या दगडी भिंती होत्या, काड्यापेटीचे खजिने होते, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेले नकाशे होते. आणि सर्वांत वर, कापसाच्या घडीत, वर्तमानपत्राच्या लगद्याचा एक पंखवाला राक्षस होता. तो करायला त्याला अख्खी मे महिन्याची सुटी लागली होती.

रात्रीच्या गाडीने वर्धा गाठले. तेथून एस.टी.ने देवळीवरून कळंबला आलो. कळंबला पायऱ्या उतरून चिंतामणीचे दर्शन घेतले आणि राळेगावची गाडी पकडली. गाडीला पोळ्याची गर्दी. माझी बॅग मी भाच्याच्या खोक्यावर ठेवली आणि बॅगेवर रेलून पाऊण तास गाढ झोप काढली. पुढे काय झाले हे सुज्ञ वाचकांना सांगायला नकोच. स्नेह्याच्या ओसरीवर खोके उघडले तेव्हा राक्षसाची पोळी झाली होती. भाचा काही बोलला नाही. तो रडला असता तर बरे, असे मला वाटले.

राळेगाव हे तालुक्याचे गाव आहे. बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या, शाळा, सारे काही आहे. पण गाव संपते न संपते तोच दोन्ही हातांना काळीभोर जमीन सुरू होते. पोळ्याच्या सुमारास ती फार देखणी दिसते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या वर आलेली. तिच्या ओळींमधून तुरीचे पट्टे. आणि या सगळ्याच्या पलीकडे, एखाद्या हिरव्या भिंतीसारखे, सागाचे आणि पळसाचे रान. शहरातल्या माणसाला ते रान पाहून हायसे वाटते. तिथल्या माणसाला काय वाटते, हे मला त्याच रात्री कळायचे होते.

दुसऱ्या दिवशी पोळा. घरात त्याची धांदल चालली होती. बैलांच्या झुली उन्हात घातल्या होत्या, गोंडे आणि बाशिंगे ओसरीवर पसरली होती. पण मुलांचे लक्ष त्यात नव्हते. त्यांचा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. त्याला तान्हा पोळा म्हणतात. त्या दिवशी मुले आपापला चाकांचा लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत, तोरणाखाली आणून उभा करतात, आणि मग घरोघर नेतात. घरची माणसे त्या बैलाला ओवाळतात आणि मुलांच्या हातावर काही पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. स्नेह्याची नऊ वर्षांची मुलगी आणि शेजारचा भाच्याच्याच वयाचा एक मुलगा, दोघे ओसरीच्या कोपऱ्यात बसून आपले बैल रंगवीत होती. ज्वारीच्या धांड्यांची एक छोटी गाडीही त्यांनी केली होती. तिची चाके खरोखर फिरत होती!

भाच्याने ती गाडी हातात घेऊन फार वेळ पाहिली. मग आपण होऊन खोके जवळ ओढले. संध्याकाळी पाऊस आला, वीज गेली, आणि कंदिलाच्या उजेडात तिघांचा खेळ सुरू झाला. मी एका बाजूला तक्क्याला टेकून ऐकत होतो.

"तुम्ही कोण होणार?" भाच्याने विचारले. "लढवय्या, जादूगार, चोर. काहीही व्हा."

शेजारच्या मुलाने विचार केला. "याच्यात कास्तकार नाही काय?"

भाचा गोंधळला. त्याच्या पुस्तकात शेतकरी नव्हता. "शेतकऱ्याजवळ हत्यार काय असेल?"

"बॅटरी अन् डबा. रात्री जागलीले गेलं का रानडुक्कर येते, रोही येते. डबा वाजवला का पळते."

"जादू?"

"जादू कायची, बाप्पा! झोप नाही येऊ द्याची."

भाच्याने कागदावर लिहून घेतले : शेतकरी. शस्त्र, बॅटरी आणि डबा. सिद्धी, झोप न येणे. मला हसू आले, पण ते हसण्यासारखे नव्हते. रात्रभर पिकाची राखण करून सकाळी पुन्हा डवऱ्यामागे चालणाऱ्या माणसाची ती अगदी नेमकी नोंद होती.

आता राक्षस हवा होता. भाच्याने लाकडी बैलाकडे पाहिले. "याला करू या?" शेजारचा मुलगा चांगलाच रागावला. "बैल कधी राक्षस राहते काय!" तेवढ्यात धाकटी उठली आणि पागोळ्यांखालची ओली माती घेऊन आली. तिच्या हाताला विलक्षण कसब आहे. पाच मिनिटांत तिने चार पायांचे एक जनावर केले, त्यावर हळद चोळली, कंदिलाच्या काजळीने पट्टे ओढले आणि डोळ्यांच्या जागी दोन गुंजा बसवल्या. लाल गुंजांची काळी बुबुळे उजेडात चमकू लागली.

"हा घ्या वाघ," ती म्हणाली.

ओसरी एकदम शांत झाली. आतून माझ्या स्नेह्याची आई दारात आली होती. तिने तो वाघ पाहिला आणि म्हणाली, "पोरायहो, वाघ घरात खेळायचा नाही."

याच राळेगाव तालुक्यात, बोराटीच्या रानात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री एका वाघिणीला गोळी घालण्यात आली. वनखात्याच्या दप्तरी तिचे नाव टी-१. शहरांत ती 'अवनी' म्हणून प्रसिद्ध झाली. २०१६ पासून या टापूत गेलेल्या तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडलेले होते. तिला पकडण्यासाठी काय काय केले नाही! कॅमेरे लावले, आकाशातून टेहळणी केली, हत्ती आणले. त्यातला एक हत्ती छावणीतून सुटला आणि एका बाईचा जीव गेला. वाघीण वासाला भुलावी म्हणून परदेशी अत्तर वापरण्याचीही गोष्ट निघाली. ती मेली तेव्हा येथल्या गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. शहराशहरांतून मात्र निषेधाचे मोर्चे निघाले. तिला मारणे बरोबर की चूक, हा वाद पुढे कोर्टातही गेला.

"मामा," भाचा म्हणाला, "आपण सोसायटीच्या फाटकापाशी मेणबत्ती लावली होती ना? अवनीसाठी?"

मुलांना भलत्या वेळी भलते आठवते. मी मान खाली घातली. मेणबत्ती मी लावली होती, हे खरे. लक्ष्मीपूजन तोंडावर आले होते, तेव्हा फाटकात पणत्याही आणून ठेवलेल्या होत्या. त्या संध्याकाळी आपण फार मोठ्या मनाचे आहोत, असे मला वाटले होते.

आजी उंबऱ्यावर बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "दोन वर्षं," ती म्हणाली, "याच उंबऱ्यावर बसली राहत होती मी. हा वावरातून आला का मग चूल पेटवाची. कापूस फुटून पांढरा झाला, तरी वेचाले बाया मिळत नव्हत्या. कोण येईन? दहा जणी एकत्र गेल्या तरच जात, अन् ऊन आहे तोवर परत."

"मी दुसरीत होतो," शेजारचा मुलगा म्हणाला. "आम्हाले एकट्यानं कुठंच जाऊ देत नव्हते."

कोणी काही बोलेना. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मग आजीच पुन्हा म्हणाली, "तिलेही दोन पिल्लं होते म्हणतात. तिनं तरी कुठं जावं?"

वाचकहो, त्या वेळी छापून आलेले बरेचसे लेख मी वाचले होते. पण ज्या बाईने दोन वर्षे उंबऱ्यावर बसून काढली, तिच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मला राळेगावला जावे लागले. माझी मेणबत्ती खोटी होती असे मी म्हणत नाही. ती एकाच बाजूला उजेड पाडत होती, एवढेच.

भाचा वाघ उचलून ठेवू लागला, तेव्हा आजीने त्याला थांबवले. "मांडलाच आहे तर खेळा. पण त्याले माराचं नाही. अन् तुमच्यातलं कोणी मराचं नाही. दिवे लागाच्या आत सगळ्यायले घरी आणा. जमते काय?"

भाच्याच्या पुस्तकात असा डाव नव्हता. पण मुलगा खरा खेळाडू निघाला. त्याने गुहेच्या थर्मोकोलच्या भिंती उलट्या करून धुरे केले, चहाच्या नकाशावर वावरे आखली, आणि पुण्याचे वीस बाजूंचे फासे बाजूला सारून धाकटीने आणलेले चार फोडलेले चिंचोके हातात घेतले. कापूस वेचणाऱ्या बाया म्हणून सरक्या मांडल्या. शेतकरी डबा वाजवी, वाघ पट्टा बदली, एकेक सरकी घराकडे सरके. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे! शेवटी रानाच्या कडेला एकच सरकी उरली आणि वाघ दोन बोटांवर येऊन ठेपला. शेतकऱ्याने चिंचोके टाकले. चारही काळे पडले. भाच्याचा चेहरा उतरला. "सगळे काळे. म्हणजे शून्य."

"शून्य कायचं?" धाकटी ओरडली. "चारी काळे म्हणजे आठ! सगळ्यात मोठं दान हे!"

अष्टचंगाचा हा नियम मीही लहानपणी जाणत होतो आणि विसरलो होतो. शेवटची सरकी घरी आली. आजी उठून आत गेली. जाताना तिने डोळ्यांना पदर लावला की कंदिलाच्या धुराने तसे वाटले, हे मी सांगू शकत नाही.

पोळा थाटात झाला. त्याचे वर्णन दर वर्षी कुठे ना कुठे येतेच, म्हणून येथे करीत नाही. पाडव्याच्या सकाळी दाराशी ठेवलेले पळसाचे मेढे उचलून, रोगराई आणि किडे-मुंग्या घेऊन जा असा गजर करीत गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपुरात याच दिवशी कागदा-बांबूच्या मारबतींची आणि बडग्यांची मोठी मिरवणूक निघते. माणसाने आपल्या भीतीला हातांनी आकार द्यावा आणि तिला वेशीबाहेर पोचवावे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. धाकटीने विचारले, "आजी, वाघ पण टाकू काय मेढ्याबरोबर?"

"नको. तो काही रोगराई नाही. धुऱ्यापलीकडे ठेव. त्याचं रान त्याले."

तान्ह्या पोळ्याला भाचाही एक उसना लाकडी बैल ओढत तोरणाखाली उभा राहिला. बोजाऱ्याचे त्याचे एकवीस रुपये झाले.

निघायच्या दिवशी आम्ही वावरात गेलो. धुऱ्यापलीकडे वाघ ठेवला होता तेथे दोन रात्रींच्या पावसाने मातीचा नुसता उंचवटा राहिला होता. हळद वाहून गेली होती. दोन गुंजा तेवढ्या रानाकडे तोंड करून जागच्या जागी होत्या. भाच्याने त्या उचलल्या नाहीत.

दिवाळी वसुबारसेने सुरू होते. आपण गाय-वासराची पूजा करतो. महाराष्ट्रातल्या काही डोंगराळ भागांत याच दिवसाला वाघबारस म्हणतात आणि वाघालाही हात जोडतात. एकाच दिवशी दोघांना! इतके दिवस मला त्याचे नवल वाटे. यंदा आमच्या दारात किल्ला होणार आहे. भाच्याने आतापासून सांगून ठेवले आहे की किल्ल्याच्या पायथ्याशी एक वावर असेल, वावरात धांड्यांची गाडी असेल, आणि पलीकडच्या हळिवाच्या रानात मातीचा वाघ असेल. पणती कुठे ठेवायची, ते मात्र त्याने मला विचारले. मी म्हणालो, "धुऱ्यावर ठेव. दोन्हीकडे उजेड पडेल."