हरवलेली तबकडी

उतारवयात माणसाला मोठ्या चुकांपेक्षा लहान चुकाच अधिक टोचतात. मोठ्यांचे समर्थन आपण केव्हाच शोधून ठेवलेले असते. लहानांचे शोधायचे राहून जाते. माझी अशी एक चूक सात इंचांची, काळी आणि वाटोळी होती.

१९७० सालची गोष्ट. वडील मद्रासला दक्षिण रेल्वेच्या कचेरीत होते आणि आमचे बिऱ्हाड पेरांबूरला होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने शिकवण्यांच्या पैशांतून एक तबकडी घेतली होती. गाणे होते 'जांबालाया'. अमेरिकेतील हँक विल्यम्स यांचे हे १९५२ चे गीत आपल्याकडे उषा अय्यर यांनी १९६८ च्या सुमारास गायिले. मुंबईत जन्मलेली ही तरुणी १९६९ साली माउंट रोडवरील सफायर चित्रगृहाच्या तळघरात, 'नाइन जेम्स' नावाच्या नाइट क्लबात, चक्क साडी नेसून इंग्रजी गाणी म्हणत असे. या साडीचे ताईला केवढे कौतुक! वडिलांना मात्र 'क्लब' हा एकच शब्द पुरेसा होता. वास्तविक जांबालाया म्हणजे लुइझियानाच्या पाणथळ प्रदेशातला एक मसालेदार भात. "अण्णा, हे भाताचे गाणे आहे हो," असे ताई परोपरीने सांगे, पण व्यर्थ!

पुढे ताईला पाहायला मंडळी यायची ठरली. आदल्या दिवशी वडिलांनी तबकडी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "ही घराबाहेर घालव." मी ती मूर मार्केटात नेऊन पाऊण रुपयाला विकली. ताईने कोणालाच काही विचारले नाही. पण त्यानंतर तिचे गुणगुणणे आमच्या घरात ऐकू आले नाही. लग्न होऊन ती पुण्यास गेली. आमच्यात पत्रे झाली, भाऊबिजा झाल्या. तबकडीचा विषय मात्र कधी निघाला नाही.

निवृत्तीनंतर मी ती शोधू लागलो. पण शोधणार कोठे? १९०० साली उघडलेले ते लाल विटांचे मूर मार्केट १९८५ च्या आगीत भस्मसात झाले. त्या जागी आज उपनगरी गाड्यांचे स्थानक आहे. तेथले जुने विक्रेते जवळच्याच अल्लिकुळम संकुलात गेले. मी तेथे महिनोन्महिने खेटे घातले. 'उषा उथुप' असे नाव सांगावे, विक्रेत्याने नकारार्थी मान हलवावी, असे कितीदा झाले! अखेर एक वृद्ध विक्रेता हसून म्हणाला, "सार, त्या साली त्या नावाची तबकडी मिळणारच नाही. तेव्हा त्या अय्यर होत्या." ताईच्या हातात मी शेकडो वेळा पाहिलेले नाव मीच विसरलो होतो! पुढच्याच खेपेस त्याने ती काढून दिली. सत्तर रुपयांना तो हरकला नाही आणि मीही घासाघीस केली नाही.

मद्रासच्या उन्हाने अशा तबकड्या वाकतात. पूर्वीच्या लाखेच्या तबकड्या पडल्या की फुटत. या फुटत नाहीत, पण उष्णतेने पिरगळतात आणि आडव्या रचल्या तर भाराने बिघडतात. म्हणून त्या उभ्या ठेवाव्या लागतात. त्यांच्या बारीक खाचांतच सारा आवाज साठवलेला असतो. खाचेत धूळ बसली की सुई कुरकुरते आणि ओरखडा पडला की तेच ते शब्द घोळवीत राहते. मी मऊ फडक्याने हलक्या हाताने ती पुसली आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून पुण्याची गाडी धरली.

ताईने पुठ्ठे सोडले. पुष्कळ वेळ ती नावावरून बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, "ही माझी नव्हे. माझ्यावर कोपऱ्यात शाईने माझे नाव होते." मी मान खाली घातली. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "त्या पैशांचे काय केलेस रे?"

"सुंडल खाल्ले," मी म्हणालो.

"ठाऊक होते मला. तुझ्या सदऱ्याला खोबऱ्याचा वास येत होता." एवढे बोलून ती हसली. भाच्याच्या यंत्रावर तिने तबकडी लावली. गाणे संपले तेव्हा तिने ती उलटी केली आणि दुसरी बाजूही लावली. ती बाजू मी कधी ऐकलीच नव्हती.

तिने मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. रात्री जेवताना तिने नुसते विचारले, "भात वाढू?" आणि वाढता वाढता, पंचावन्न वर्षांनंतर, ती गुणगुणू लागली. हरवलेली वस्तू कधी जशीच्या तशी परत मिळत नाही. पण तिच्या शोधात निघालेला माणूस निदान उशिरा का होईना, ज्या दारी जायला हवे होते त्या दारी जाऊन पोहोचतो.